मूळ अवस्थेतली रॅले सायकल: रविवारी पाहायला या

सभासद मंडळी, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून रॅले मिळाली आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेली, आपल्याकडे बनणारी सेन-रॅले नव्हे. काळा रंग, सोनेरी रेघा, दांडीचे ब्रेक, हँडलखाली बगळ्याचा बिल्ला, सगळं मूळचं. मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर 58 कोरलंय, म्हणजे हब 1958 चा. सायकलही त्याच सुमाराची असावी, पण हब बदललेला असू शकतो, म्हणून फ्रेमचा नंबरही ताडून पाहू.

रविवारी सकाळी 8 वाजता, नेहमीच्या जागी. येताना पॉलिश पेपर कोणीही आणू नये, हौशी मंडळींनी तर मुळीच नाही! ब्रुक्सचं चामडी सीट वाळून कडक झालंय. बसून पाहायचं नाही. ओव्हरहॉलिंगचं तिथेच ठरवू. नव्याने रंग देण्याचा विषय चर्चेला घेतला जाणार नाही.