मेल सर्व्हरवरील स्पॅम फिल्टर वारंवार बंद पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्पॅम फिल्टरच्या देखभालीतील हलगर्जीपणाबाबत

महोदय,

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या फौंड्रीचा सर्व ई-मेल व्यवहार आपण चालवत असलेल्या मेल सर्व्हरवरून होतो. या सर्व्हरवरील स्पॅमअ‍ॅसॅसिन हा स्पॅम, म्हणजे नको असलेले व फसवे ई-मेल, ओळखणारा फिल्टर अखंड चालू ठेवणे, त्याचे नियम अद्ययावत ठेवणे आणि त्यावर लक्ष ठेवणे ही करारानुसार आपली जबाबदारी असून त्याचे शुल्क आम्ही दर वर्षी आगाऊ भरतो. असे असताना गेले काही महिने हा फिल्टर सतत बंद पडत आहे आणि तो बंद पडल्याचे प्रत्येक वेळी आम्हालाच आपल्याला कळवावे लागत आहे.

गेल्या पंधरवड्यात आम्हाला पिग आयर्न पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने एक ई-मेल आला. बँक खाते बदलले असून थकीत बिलाची रक्कम नव्या खात्यावर जमा करावी, असे त्यात लिहिले होते. नाव बरोबर होते, परंतु पाठवणाऱ्याच्या पत्त्यातील डोमेन वेगळेच होते. आमच्या लेखा विभागाने त्या व्यापाऱ्याला फोन करून खात्री करून घेतली, म्हणून रक्कम वाचली. त्यानंतर मी त्या ई-मेलचा पूर्ण हेडर, म्हणजे ई-मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदी, उघडून पाहिला. फिल्टरमधून गेलेल्या प्रत्येक ई-मेलवर ‘एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन’ आणि ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या दोन ओळी उमटतात. या ई-मेलवर त्या नव्हत्या, आणि त्या दिवशी सकाळपासून आलेल्या एकाही ई-मेलवर नव्हत्या. फिल्टर चालू असता तर हा ई-मेल नक्की अडला असता, असा माझा दावा नाही. परंतु तो तपासलाच गेला नाही, आणि तपासणीसाठीच आम्ही आपल्याला पैसे देतो.

आपल्या तांत्रिक विभागाकडून दर वेळी ‘सेवा पुन्हा सुरू केली आहे’ एवढेच उत्तर येते आणि तक्रार निकाली काढली जाते. फार आग्रह केल्यावर आपण लॉगचा, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदींचा, जो उतारा पाठवला, त्यात मेमरी संपल्यामुळे कर्नेलने (सर्व्हरच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याने) स्पॅमडी ही फिल्टरची प्रत्यक्ष तपासणी करणारी प्रक्रिया बंद केल्याची स्पष्ट नोंद आहे. त्याच यंत्रावर क्लॅमएव्ही हे व्हायरस तपासणारे सॉफ्टवेअरही चालते. त्याच्या नमुन्यांच्या साठ्याला एरवीच एक गिगाबाइटहून अधिक मेमरी लागते, आणि नवा साठा चढवताना जुना व नवा असे दोन्ही साठे काही काळ एकदम मेमरीत राहिले, तर ती गरज जवळजवळ दुप्पट होते. उताऱ्यातील वेळा पाहता फिल्टर नेमका याच सुमारास बंद पडलेला दिसतो. कारण आपल्याच नोंदीत असताना मेमरी वाढवणे किंवा ही दोन कामे वेगवेगळ्या यंत्रांवर नेणे आपल्याला अद्याप का सुचले नाही, याचा खुलासा व्हावा.

याहून गंभीर बाब देखरेखीची आहे. स्पॅमडी बंद असला की स्पॅमसी हा त्याचा जोडीदार प्रोग्रॅम ई-मेल न तपासता तसाच पुढे सोडतो. ई-मेल हरवू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे आणि ती योग्यही आहे, परंतु त्यामुळे फिल्टर बंद असतानाही वरवर सर्व काही सुरळीत दिसते. म्हणूनच चालू-बंद स्थितीवर वेगळे लक्ष ठेवावे लागते. जीट्यूब हा मजकूर फिल्टरच्या चाचणीसाठीच ठरवलेला आहे. तो असलेला ई-मेल दर तासाला आपोआप पाठवून तो स्पॅम ठरतो की नाही हे पाहणे आणि न ठरल्यास आपल्या अभियंत्याला तत्काळ सूचना जाणे, एवढी व्यवस्था जाणकार माणूस एका दुपारी उभी करू शकतो.

फिल्टर चालू असतानाची स्थितीही समाधानकारक नाही. हेडरमध्ये आवृत्ती ३.४.१ (२०१५-०४-२८) अशी दिसते. १ मार्च २०२० पासून नियमांच्या अद्ययावत संचांसोबत एसएचए-१ पडताळणी (संच अस्सल असल्याची खात्री करण्याची जुनी पद्धत, जिच्याशिवाय ३.४.१ ही आवृत्ती नवे नियम घेत नाही) दिली जाणार नाही, त्यामुळे ३.४.२ किंवा त्यापुढील आवृत्ती घ्यावी, असे स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या निर्मात्यांनी आधीच जाहीर केले होते. म्हणजे आमचे ई-मेल इतकी वर्षे जुन्याच नियमांनी तपासले जात आहेत आणि नियम अद्ययावत ठेवण्याचे शुल्क मात्र आपण नियमित घेत आहात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

तरी बंद पडण्याच्या कारणांचा लेखी अहवाल द्यावा, मेमरीचा प्रश्न कायमचा सोडवावा, सेवा बंद पडल्यास ती आपोआप पुन्हा सुरू होईल अशी तरतूद करून वर सांगितलेली चाचणी चालू करावी आणि फिल्टरची आवृत्ती बदलावी. आवृत्ती बदलताना आमच्या ग्राहकांचे खरेदी आदेश व ड्रॉइंग असलेले ई-मेल चुकून स्पॅममध्ये जाऊ नयेत, म्हणून पहिले काही दिवस अडवलेले ई-मेल न पुसता वेगळे ठेवावेत. फिल्टर बंद असलेल्या कालावधीचे शुल्क पुढील बिलातून वजा करावे. ही कार्यवाही पंधरा दिवसांत न झाल्यास आम्ही कराराचे नूतनीकरण करणार नाही आणि सर्व मेलबॉक्स दुसरीकडे हलवण्यासाठी आवश्यक ते सहकार्य करणे आपल्यावर बंधनकारक राहील.

आपला विश्वासू,
कार्यालय प्रमुख
शिरोली औद्योगिक वसाहत, जि. कोल्हापूर

सोबत : संबंधित ई-मेलच्या हेडरची प्रत, आपण पाठवलेला लॉगचा उतारा