शंभरातले किती उगवले, एवढंच विचारा

महोदय,

पेरणी जवळ आली की 'सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासा' अशी पोस्टर्स मराठवाड्यातल्या मोबाइलवर फिरू लागतात. वर पाच-सहा मान्यवरांचे फोटो, खाली बारीक अक्षरात सूचना आणि शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. मग तक्रार, की लोक प्रतिसाद देत नाहीत. पण तो मागितलाय कुठे?

लोकांनी भाग घ्यावा असं वाटत असेल तर एकच प्रश्न विचारावा आणि त्याचं उत्तर एका आकड्यात देता यावं. उगवण बघण्याचं काम त्याला अगदी सोयीचं आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, सातव्या दिवशी मोजायचे आणि गाव व आकडा पाठवायचा, बस्स. त्याच मेसेजात वाणही विचारला की 'चाकूर ७१ ७६' असं काहीतरी येतं. यातला ७१ म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस ७१ हा वाण की उगवलेले दाणे, हे कळायला पुन्हा फोन करावा लागतो. वाण नंतर विचारावा.

अशा मोहिमा बहुधा तिसऱ्या दिवशी मोडतात. मे महिन्यात गोणपाट दुपारपर्यंत कोरडं पडतं, दाणे सुकतात आणि चांगल्या बियाण्याचाही आकडा पन्नासवर येतो. म्हणून पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि पुढे सहाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ एक ओळ: 'पाणी शिंपडलं का?' आकडा कमी आला तर बियाण्याला नावं ठेवण्याआधी गोणपाट वाळलं होतं का, ते विचारावं आणि चाचणी पुन्हा करायला सांगावी. मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तरच या दुसऱ्या फेरीला वेळ उरतो.

कळवणाऱ्याच्या हाती त्याच दिवशी काहीतरी पडलं पाहिजे. म्हणजे सल्ला: सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पेरा. त्याखाली गेले तर बियाणं वाढवा, फारच खाली असतील तर बदला. शिवाय रोज संध्याकाळी गावांची यादी टाकावी, शेतकऱ्याचं नाव न देता. नाव छापलं की ८५वाले पुढे येतात, ५५वाले गप्प बसतात. आणि गरज खरी त्यांचीच. आवाहनातच लिहावं, 'कमी उगवलं असेल तर आधी कळवा'.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पण प्रत्येकाला वेगळा जाणारा, मेसेज तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून महिनाभर आधी तो नंबर कृषी सेवा केंद्राच्या फळ्यावर आणि सोसायटीच्या दारावर लागलेला हवा. खुल्या ग्रुपमध्ये उत्तरं 'शुभ सकाळ'खाली गाडली जातात आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे बायका लिहीत नाहीत. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननं लिहावं, उत्तर मात्र वेगळ्या नंबरवर मागवावं. तो नंबर रोज संध्याकाळी बघणारा माणूस ठरलेला नसेल तर मोहीम सुरूच करू नये.

बक्षिसाच्या सोडतीचा मोह टाळलेला बरा. गोणपाट न भिजवताही ९० लिहून पाठवता येतात. 'लाइक करा, मित्रांना टॅग करा' म्हणणाऱ्या पोस्ट फेसबुक डिसेंबर २०१७पासून मागे ढकलतं. फार फिरलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिल २०२०पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि दुहेरी बाणाचं ते चिन्ह दिसलं की लोक न वाचताच पुढे जातात. त्यापेक्षा गावातल्या एकानं स्वतःच्या आवाजात, आपल्या बोलीत चाळीस सेकंद बोलून पाठवावं. तो पेरणीयंत्रवाला असला तर उत्तम. जूनमध्ये गावाची रांग त्याच्याच दारात असते.

– कृषी विस्तार कार्यकर्ते, चाकूर (जि. लातूर)