गावाला जाताना मेन स्विच बंद करणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी लागली की ‘बंद घर फोडून ऐवज लंपास’ या बातमीला वर्तमानपत्रात जागा ठरलेलीच असते. तिच्याखाली पोलिसांचं आवाहन येतं: शेजाऱ्यांना सांगून जा, दागिने लॉकरमध्ये ठेवा, सीसीटीव्ही बसवा. सल्ले योग्यच आहेत. पण तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाचं चित्रण दुसऱ्या दिवशी बघून करायचं काय, असं लोकांना वाटू लागलंय. आमच्या जुळे सोलापुरात चोर शिरताच ओरडणारे बिनतारी अलार्म दिसू लागलेत ते त्यामुळेच. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या ट्रेडला शिल्प निदेशिका होते. त्यामुळे निवृत्तीनंतरही कॉलनीतलं कुणी ना कुणी खोका घेऊन दारात येतं, “मॅडम, हे जरा बघा की, चांगलंय का?” पैसे देऊन झाल्यावर विचारतात, त्याला इलाज नाही. निदान ज्यांनी अजून घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हे पत्र.

दुकानात टेबलावर सगळेच अलार्म ओरडतात. मे महिन्यातल्या दुपारी, लाइट गेलेली असताना आणि तुम्ही पुण्यात लेकीकडे असताना तो ओरडणार का, हे बघून घ्यायचं.

सगळ्यात मोठी गडबड अलार्मच्या बाहेर, आपल्या सवयीत आहे. घर सोडताना आपण गॅस बंद करतो, नळ तपासतो आणि शेवटी मेन स्विच खाली ओढतो. वडीलधाऱ्यांनी लावलेली चांगली सवय. पण दारा-खिडक्यांवरचे सेन्सर स्वतःच्या सेलवर चालत असले तरी ज्याला ते खबर देतात ते पॅनेल घरच्या विजेवर चालतं. त्याच्या पोटात छोटी बॅटरी असते, ती काही तास तग धरते, फार तर दिवसभर. तुम्ही आठ दिवसांसाठी गेलात तर पहिल्या रात्रीनंतर घरात अलार्म नुसता भिंतीवर लटकलेला असतो. इन्व्हर्टरही बंद करून जाणारे आहेत. आमच्याकडे मी वायरमनकडून पॅनेल आणि इंटरनेटचा राउटर यांच्यासाठी वेगळा एमसीबी (बोर्डावरचा छोटा स्विच) काढून घेतलाय आणि ती लाइन इन्व्हर्टरवर टाकलीय. जाताना मेन स्विच चालूच ठेवायचा, तो एमसीबी आणि इन्व्हर्टरचा एमसीबी वर ठेवायचा, बाकीचे सगळे पाडायचे. जे अलार्म फक्त वायफायवर चालतात त्यांच्या बाबतीत राउटरचं हे विशेष लक्षात ठेवावं. राउटर झोपला की सायरन वाजेल कदाचित, पण तुमच्या मोबाइलपर्यंत काही पोचणार नाही.

आता सोलापूरच्या उन्हाबद्दल. हालचाल टिपणारा जो पांढरा डबा कोपऱ्यात लावतात तो पीआयआर सेन्सर. तो स्वतः कसलेही किरण सोडत नाही. समोरून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांत एकदम फरक पडला की त्याला समजतं. जानेवारीत भिंत २२-२३ अंशांना आणि माणसाचं अंग ३३-३४ ला, म्हणजे फरक ठळक. मेमध्ये पारा ४३ च्या आसपास जातो, बंद घराचा स्लॅब दिवसभर तापतो आणि आतल्या भिंतीही अंगाच्या तापमानाला येऊन टेकतात. मग समोरून माणूस चालत गेला तरी सेन्सरला तो भिंतीसारखाच वाटतो, किंवा अगदी जवळ आल्यावर दिसतो. चांगल्या सेन्सरमध्ये ‘टेम्परेचर कॉम्पेन्सेशन’ असतं, म्हणजे खोली तापली की तो आपली संवेदनशीलता वाढवतो. खोक्यावर हे दोन शब्द शोधा. नसतील तर तो सेन्सर थंड गावासाठी ठीक आहे.

त्याची जागाही महत्त्वाची. सातेक फूट उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यात, कपाटाकडे जाणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा लावावा. सरळ त्याच्या दिशेने येणारा त्याला उशिरा कळतो. खिडकीच्या काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, तेव्हा अंगणावर नजर ठेवायला तो आतून काचेला तोंड करून लावणं व्यर्थ. कूलरचा झोत, हलणारा पडदा, फरशीवर सरकणारा उन्हाचा पट्टा आणि तेवती समई यांच्याकडे त्याचं तोंड नको. आणि पाल! सेन्सरच्या भिंगावरून पाल गेली की त्याच्या हिशेबी अख्खा माणूस गेला. डबा बसवल्यावर मागची भोकं सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आत संसार थाटतात.

म्हणून माझं मत असं, की आपल्याकडे मुख्य भिस्त दारांवर ठेवावी आणि पीआयआर दुसऱ्या फळीत असावा. दारावर दोन तुकडे लागतात, चौकटीवर रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच) आणि दाराच्या फळीवर लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक दूर जातो, स्विच सुटतो, पॅनेलला खबर जाते. उन्हाळ्याचा याच्यावर काही परिणाम नाही. दोन्हींमध्ये साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये. जुनी लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात, तेव्हा आषाढात एकदा तपासून घ्यावं. लोखंडी सेफ्टी डोअरवर मात्र थेट चिकटवू नका. लोखंड चुंबकाचं बळ ओढून घेतं आणि रेडिओ लहरीही अडवतं, म्हणून मधे लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घाला. नुसत्या डबल टेपवरही विसंबू नका, आपल्या उन्हात ती सुटते, स्क्रू मारा.

कोयंडा तोडायला सुरुवात होताच वाजावं म्हणून काही जण दाराला व्हायब्रेशन सेन्सर लावून घेतात. जुळे सोलापुरात ठीक आहे. पण अशोक चौकात किंवा अक्कलकोट रोडला ज्यांच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग धडधडतात, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. चादरी विणल्या जातील आणि तुमचा सायरन रात्रपाळी करेल.

पॅनेल तुम्हाला फोन करतं ते त्यातल्या सिमकार्डावरून. त्याची गोष्ट अशी. बरीच स्वस्त पॅनेलं अजून टू-जी मोड्यूलवर चालतात. जिओचं टू-जी नेटवर्क नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम घालून उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीचं घ्या किंवा फोर-जी पॅनेल घ्या. सिमची मुदत संपली की पॅनेलचा फोन लागणार नाही, आणि ते सिम कुणाच्या हातात नसल्यामुळे रिचार्ज संपल्याचा मेसेज वाचणारंही कुणी नसतं. ज्या दिवशी स्वतःचा रिचार्ज कराल त्याच दिवशी त्याचाही करा.

अलार्म चालू-बंद करायच्या रिमोटकडे कुणी लक्ष देत नाही. स्वस्त रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांतल्या ईव्ही १५२७ जातीच्या चिपा दर वेळी तोच एक ठरलेला कोड पाठवतात. तो कोड हवेत पकडून पुन्हा सोडणं अवघड नाही. दर वेळी बदलणारा कोड, म्हणजे रोलिंग कोड, असलेलाच संच मागा. दुकानदाराला हा शब्द माहीत नसेल तर दुकान बदला. आणि आणखी एक परीक्षा घ्या: त्याच्यासमोर एका सेन्सरचा सेल काढा आणि पॅनेल तक्रार करतं का ते बघा. एकतर्फी संचात सेन्सर फक्त बोलतो, तो मेला तर पॅनेलला पत्ताच नसतो. चांगल्या संचात सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी देत राहतो आणि हजेरी चुकली की पॅनेल सांगतं. त्याला काही तास लागू शकतात, तेव्हा संच दुकानात सोडून संध्याकाळी परत या. घाई असलेल्या गिऱ्हाइकालाच माल खपवला जातो. सेल मी खंडेनवमीला सगळे एकदम बदलते. अवजारांच्या पूजेत ते डबेही बसतात.

ज्यांचं घर अजून बांधून व्हायचंय त्यांनी मात्र बिनतारीचा मोह सोडावा. प्लास्टरच्या आधी दारा-खिडक्यांपर्यंत पाइप आणि चार तारा टाकून ठेवा. खर्च नगण्य, आणि सेल बदलायची कटकट जन्माची गेली. बिनतारी ही आमच्यासारख्या, भिंती फोडायची तयारी नसलेल्या लोकांची सोय आहे.

पाण्याचा विषय सोलापुरात टाळता येत नाही. काही दिवसांआड येणारं पाणी रात्री दोनला आलं की माणूस अर्धवट झोपेत मागचं दार उघडतो आणि सगळी गल्ली जागी होते. रात्रीच्या ‘होम’ मोडमध्ये, म्हणजे आपण घरात असताना अलार्म चालू असतो तेव्हा, मागच्या दाराला वाजण्याआधी तीसेक सेकंदांची सवलत ठेवा आणि रिमोट मोटारीच्या बटणाशेजारी टांगा. पुढच्या दाराला मात्र सवलत शून्य, तिथे बाहेरूनच रिमोटने बंद करून आत यायचं. चोराला तीस सेकंद भेट द्यायची गरज नाही. तुमच्या माघारी हौद भरायला शेजारीण येणार असेल तर आवारात सेन्सर लावूच नका.

आणि शेजारीण हाच सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. पॅनेलमध्ये पहिला नंबर तिचा घाला, मग तुमचा, मग गावातल्या नातेवाइकाचा. ११२ थेट घालू नका; पालीच्या चुकीसाठी पोलिसांची गाडी धावायला नको. सायरन वाजला तर तिने काय करायचं हे तिला समोर बसून सांगा: घरात शिरायचं नाही, गॅलरीतले दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा, आणि दार खरंच उघडं दिसलं तर ११२ लावायचा. तीन वेळा खोटा वाजला की चौथ्या वेळी ‘लांडगा आला रे आला’ होतं, म्हणून पहिले पंधरा दिवस तुम्ही घरी असताना तो चालू ठेवून सगळ्या खोड्या काढून घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला निम्मी गल्ली बाहेर असते, तेव्हा शेजारीणही घरी नसणार हे धरून चला आणि त्या दिवसापुरता पहिला नंबर बदला.

विक्रेत्यांना एक विनंती. बसवून झाल्यावर घरच्यांना घेऊन वॉक टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक खोलीत चालून, प्रत्येक दार उघडून पॅनेलवर नोंद होते का ते दाखवा, आणि मगच पैसे घ्या. १२३४ हा कारखान्यातला पिन घरमालकाकडून त्याच्या हाताने बदलून घ्या आणि तेव्हा तुमचं तोंड दुसरीकडे असू द्या. पोलिसांनीही पुढच्या आवाहनात निदान मेन स्विचचं एक वाक्य घालावं.

माझं नाव आणि पत्ता आपल्या नोंदीसाठी सोबत दिला आहे. कृपया छापू नये. घरात कुठे काय बसवलंय आणि मी पुण्याला कुणाकडे जाते, हे सगळं वर लिहून बसलेय.

आपली,
एक निवृत्त शिल्प निदेशिका, जुळे सोलापूर