खापर नुसतं एक्सेलवर नको

संपादक महोदय,

सरकारी कर्जाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, जीडीपीच्या ९० टक्क्यांवर कर्ज गेलं की देशाची वाढ खुंटते. हा आकडा राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या पेपरमधला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल शीट मागून घेतली आणि बघतो तर काय, सरासरीच्या फॉर्म्युल्यात ४९ व्या ओळीपर्यंत जायच्या ऐवजी ४४ वरच थांबलेत, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश गायबच! पेपरमधल्या सगळ्याच चुका दुरुस्त केल्यावर ९० टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ वरून थेट २.२ टक्के झाला.

पण लोक सगळं खापर एक्सेलवर फोडतात ते पटत नाही, कारण त्या चुकीचा वाटा खरं तर छोटा होता. मोठा घोळ वेगळाच, काही वर्षांचा डेटा घेतलाच नव्हता, शिवाय न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वर्ष (वाढ उणे ७.६ टक्के) आणि ब्रिटनची १९ वर्षं यांना सारखंच वजन दिलेलं. सॉफ्टवेअर कितीही अचूक असलं तरी हे असलं काही ते पकडणार नाही, त्याला दुसऱ्या माणसाने शीट उघडूनच बघायला लागतं.

म्हणून एक विनंती, एखाद्या आर्थिक अभ्यासाची बातमी छापताना त्याचा डेटा आणि कोड कोणालाही बघायला मिळतो का, एवढी एक ओळ तरी टाकत जा.

— एक वाचक, पुणे