बसने येणाऱ्यांना आधी उतरू तर द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीतले लेख मी नेमाने वाचतो. फोटो झकास, इतिहास पण व्यवस्थित, फक्त बस कुठे लावायची तेवढं कधी सापडत नाही. हसू नका, मी बरीच वर्षं ४०-४५ जणांचे ग्रुप घेऊन फिरतोय आणि माझा निम्मा जीव ह्याच प्रश्नात अडकलेला असतो.

हल्ली बघावं तिथे वेबसाईटवर 'ग्रुपचं स्वागत आहे' असं असतं. फोन केला की पहिलं वाक्य डिस्काउंटचं. अहो मिळाला तर हवाच आहे, कोण नको म्हणेल, पण मी विचारतो गाडी गेटपर्यंत येते का, तर म्हणतात सिक्युरिटीला विचारा, आणि सिक्युरिटीवाला म्हणतो बुकिंगवाल्यांना विचारा.

मागे एका म्युझियमला (नाव जाऊ दे) आमचा अकराचा स्लॉट होता, पावणेअकराला आम्ही दारात. बस दोन मिनिटं थांबू देईनात, मागून हॉर्न चालू. आता ४५ माणसं एका दारातून उतरणार म्हणजे माणशी १० सेकंद धरले तरी साडेसात मिनिटं जातात, त्यात आमच्या दोघीजणी काठी घेऊन चालणाऱ्या, त्यातल्या एक मावशी पायरीवर एक पाय खाली एक वर अशा उभ्या आणि तो वॉचमन शिट्टी मारतोय. कसेबसे उतरलो तर टॉयलेट तिकीट चेकिंगच्या आत! तीन तास बसमध्ये बसून आलेली माणसं आणि गेटवर ४५ तिकिटं एकेक करून स्कॅन. आत लेडीजसाठी २ टॉयलेट, आमच्या बायका २६, एकीला ३ मिनिटं धरा, झाली ३९ मिनिटं. तोवर गाईडने निम्म्या लोकांना घेऊन सुरुवात केली होती, त्याला तरी काय बोलणार, त्याच्या मागे बाराचा ग्रुप उभा.

ह्याच्या उलट एक अगदी छोटी जागा, फारशी कोणाला माहीत पण नसेल. बस थांबली, आम्ही उठायच्या आत तिथली एक मुलगी वर चढली, माईक मागून घेतला आणि दोन मिनिटांत सांगितलं की टॉयलेट डाव्या हाताला गेटच्या बाहेरच आहे, इतक्या पायऱ्या आहेत, ज्यांना नको त्यांना मागून रॅम्प आहे, आणि बरोबर सव्वाबाराला ह्याच झाडाखाली भेटायचं. पूर्ण ग्रुपचं एकच तिकीट माझ्या हातात दिलं. ड्रायव्हरला बसायला खोली आणि चहा. खर्च काय आला असेल त्यांना? एक माणूस अर्धा तास.

ड्रायव्हरचं मुद्दाम लिहितो कारण त्याचा विचारच होत नाही. युरोपात कायदाच आहे, साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, आणि पार्किंग शोधत गोल गोल फिरणं हा ब्रेक धरत नाहीत. म्हणजे तुम्ही त्याला 'सोडून जा, फोन केल्यावर ये' म्हणालात की आमची पुढची वेळ गेलीच.

कडक नियमांबद्दल माझी तक्रार नाही हं. व्हेनिसने २०२४ पासून ग्रुप २५ जणांपुरताच ठेवला आणि लाऊडस्पीकर बंद केले, बरोबरच आहे, अरुंद गल्लीत ५० जण उभे राहिले तर तिथे राहणाऱ्यांनी जायचं कुठून. ताजमहालच्या जवळ ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चालत नाहीत, पुढे बॅटरीची गाडी नाहीतर पायी, पण हे आधीपासून माहीत असतं म्हणून कोणी चिडत नाही. व्हर्सायच्या राजवाड्यात ग्रुपचं दार वेगळं ठेवलंय, त्यात एकट्यादुकट्या येणाऱ्यांचाही फायदा, नाहीतर आमची ४५ जणांची शेपटी बघून त्यांचा चेहरा काय होतो ते मी रोज बघतो.

आमच्याकडून पण चुका होतात, मान्य. उशिरा पोचतो, फोन करून कळवत नाही, आणि निघताना दोघं हमखास दुकानात सापडतात, हेडकाउंट तीनदा करावा लागतो.

तर विनंती एवढीच की पुरवणीत प्रत्येक जागेच्या लेखाखाली चार ओळींची चौकट द्या, बस कुठे उभी राहते, तिथून चालायचं किती, पायऱ्या किती, आणि टॉयलेट गेटच्या बाहेर की आत. फोटो एखादा कमी छापा हवं तर.

आपला,
एक टूर लीडर