ड्रोनवर बंदी नको, उडवायला जागा द्या

महोदय,

शहरात ड्रोनवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारे पत्र आपल्या सदरात वाचले. पत्रलेखकांचा राग मला समजतो. वरातीत नाचणाऱ्यांच्या अगदी डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन पाहिला की माझाही जीव टांगणीला लागतो. पण माझे जळगावात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे दुकान आहे, हौसेने ड्रोन जोडतो, उडवतो. म्हणून सांगतो, नियम २०२१ पासून आहेत आणि ते पुरेसे कडकही आहेत. पण हे नियम ड्रोन घेणाऱ्यालाही ठाऊक नसतात आणि विकणाराही सांगत नाही.

२५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी क्रमांक मात्र लागतो, आणि दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमाही. लग्नाचे शूटिंग करणारा पैसे घेतो, त्यामुळे त्याच वजनाचा ड्रोन उडवायला त्याला प्रमाणपत्र हवे. वरातीत ते कोणी मागितलेले मी तरी पाहिले नाही. नियम मोडला तर दंड १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

आता आपल्या गावाचे बोलू. रविवारी सकाळी मेहरूण तलावावर पोरे ड्रोन घेऊन येतात. पाणी, मोकळी हवा, त्यांना ती जागा एकदम सुरक्षित वाटते. पण कुसुंब्याचे विमानतळ तिथून जवळ आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन वर न्यायचा नाही, आणि मेहरूण त्या टप्प्यात येते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत चालते, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत. आपल्याकडे प्रवासी विमाने मोजकीच असली तरी प्रशिक्षणाची छोटी विमाने उडतात. शिकाऊ वैमानिकासमोर अचानक ड्रोन आला तर काय होईल, याचा विचार त्या पोरांनी कधी केलेला नसतो, कारण कोणी सांगितलेलेच नसते. केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा (मोकळा), पिवळा (परवानगी लागणारा) आणि लाल (केंद्राच्या परवानगीशिवाय मनाईचा) पट्टा दिसतो, तो मोबाइलवर बघायला दोन मिनिटे पुरतात. माझा भाचा पुण्यात असतो. लोहगावचा हवाई दलाचा तळ शेजारी असल्यावर तिथे गच्चीवरून ड्रोन सोडायचे नावच काढायला नको. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी वेगळे बंदी आदेश काढतात. नकाशा हिरवा असला तरी असा आदेश लागू असेल तर ड्रोन बॅगेतच ठेवायचा.

गच्चीवरून उडवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, नियमातली उंची जमिनीपासून. पाचव्या मजल्यावरून सोडलात तर इमारतीची तेवढी उंची नियमातल्या मर्यादेतून वजा करा. शिवाय स्लॅबमधल्या सळयांमुळे होकायंत्र भरकटते. सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परत निघतात. ती उंची ३० मीटर ठेवलेली असेल आणि वाटेत ४० मीटरचा मोबाइल टॉवर असेल, तर ड्रोन त्यावरच आदळणार. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या ड्रोनमध्ये अशीच प्रकरणे जास्त. आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, गाडीत ठेवलेली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगते. तसली बॅटरी चार्जिंगला लावू नये, ती पेट घेऊ शकते. संक्रांतीच्या दिवसांत तर मी ड्रोन काढतच नाही. पंख्यात मांजा अडकला की यंत्र दगडासारखे खाली येते, आणि खाली माणसे असतात.

मी स्वतः पाळधीच्या पलीकडे, ओळखीच्या शेतात कपाशी निघाल्यावर उडवतो. ज्या पोरांकडे गाडी नाही, ओळखीचे शेत नाही, त्यांनी कुठे जायचे? "काका, इथं उडवू का भो?" असे विचारणाऱ्याला निदान एक जागा दाखवता आली पाहिजे. बंदी घातली तर तीच पोरे संध्याकाळी अंधारात उडवतील, आणि मग ड्रोन दिसला म्हणून गल्लीत चोर आल्याची बोंब उठेल.

जिल्हा प्रशासनाने १२ किलोमीटरच्या बाहेरचे एखादे गायरान रविवारपुरते नेमून द्यावे. महापालिकेने मेहरूण तलावावर एक ठळक फलक लावावा. आणि आपणही ड्रोनची बातमी छापाल तेव्हा तो किती वजनाचा होता, नोंदणी होती का, एवढे जरूर विचारावे.

एक दुरुस्तीवाला वाचक, जळगाव