लॅपटॉप खराच आहे रे, पोराला रागावू नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच ठरवलं, पोराच्या लॅपटॉपवर परीक्षेचं सॉफ्टवेअर का अडतंय आणि काय करायचं हे सगळं नीट लिहूनच पाठवायचं, म्हणजे लॅपटॉपसमोर बसून एकेक ओळ वाचत करशील आणि काही सुटणार नाही. परीक्षा शनिवारी म्हणालास ना, मग वेळ भरपूर आहे. पण सगळ्यात आधी पोराला जवळ घे. त्याने काहीही लबाडी केलेली नाहीये. "व्हर्च्युअल मशीन आढळले, परीक्षा सुरू करता येणार नाही" असं स्क्रीनवर आलं की (व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला खोटा संगणक) घरच्यांना वाटतं याने काहीतरी भानगड करून ठेवलीय. गेल्या महिन्यात माझ्या बहिणीलाही तेच वाटलं होतं आणि भाची रात्रभर रडत होती, म्हणून हे इतकं पोटतिडकीने लिहितोय.

भाचीचा लॅपटॉप माझ्यासमोरच घेतलेला, खरा, हातात धरायचा लॅपटॉप, मग तो व्हर्च्युअल कसा? मी उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) पेनड्राइव्ह लावून तोच लॅपटॉप चालू केला आणि टर्मिनलवर सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट ही कमांड दिली, तर उत्तर आलं "नन", म्हणजे व्हर्च्युअल काहीच नाही. पेनड्राइव्ह काढून विंडोज सुरू केलं की परीक्षेचं सॉफ्टवेअर परत तेच म्हणणार. म्हणजे दोष मशीनमध्ये नाही, विंडोजमध्ये काहीतरी चालू आहे आणि त्याचा अर्थ ते सॉफ्टवेअर चुकीचा लावतंय, एवढं पक्कं झालं.

आता कारण सांगतो. प्रोसेसरला सीपीयूआयडी म्हणून एक सूचना देता येते, त्याच्या उत्तरात 31 नंबरचा एक बिट, म्हणजे 0 किंवा 1 अशी खूण, असतो. नुसत्या हार्डवेअरवर तो कायम 0. खाली हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, चालू असेल तर तो हा बिट 1 करून ठेवतो, वरच्या सिस्टिमला कळावं म्हणून. मग पुढचा प्रश्न विचारला की हायपरव्हायझर आपली सही देतो, व्हीएमवेअरची वेगळी, केव्हीएमची वेगळी, हायपर-व्ही या विंडोजमधल्याच हायपरव्हायझरची "मायक्रोसॉफ्ट एचव्ही". आणि घोळ इथेच होतो बघ. विंडोजमध्ये हायपर-व्ही चालू झालं की ते विंडोजच्या वर बसत नाही, खाली जाऊन बसतं, आणि आपलं रोजचं विंडोजच त्याच्यावर चालायला लागतं. म्हणजे वाड्याचा मालक स्वतःच्याच वाड्यात भाडेकरू म्हणून नोंदला गेला असं समज, पण सगळ्या किल्ल्या अजून त्याच्याच कमरेला. या मालक-भाडेकरूला रूट पार्टिशन म्हणतात आणि किल्ल्या कुणाकडे आहेत हेही सीपीयूआयडीला विचारता येतं, त्यासाठी वेगळे बिट आहेत. परीक्षेच्या सॉफ्टवेअरने तो दुसरा प्रश्न विचारलाच नाही, पहिला बिट 1 दिसला की पोरगी चोर! मला याचाच फार राग आला.

आणि हायपर-व्ही कुणी मुद्दाम चालू करावं लागतं असंही नाही. भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) टाकलं होतं, त्याच्याबरोबर डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) आलं आणि त्याला तेच लागतं. तुझ्या पोरानेही डॉकर टाकलंय म्हणालास. ते नसतं तरी विंडोज 11 च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आधीपासूनच चालू असते, तीही याच पायावर उभी आहे. म्हणून दुकानदार फॉरमॅट मारू म्हणाला तर नको म्हण, फॉरमॅटनंतर ती परत चालू होऊन बसेल आणि पैसे जातील ते वेगळेच.

तर असं कर. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो32 उघड, पहिल्याच पानावर अगदी खाली "अ हायपरव्हायझर हॅज बीन डिटेक्टेड" अशी ओळ असेल तर रोग हाच. मग विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी बंद. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून बीसीडीएडिटची कमांड द्यायची, हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ करायचं, ती ओळ मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तिथून कॉपी कर, हाताने टाइप करू नकोस. यानंतर रीस्टार्टच करायचं, शटडाउन करून परत चालू नाही, कारण फास्ट स्टार्टअप असेल तर शटडाउनमध्ये जुनाच कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, जपून ठेवला जातो आणि बदल लागत नाही. माझा यातच एक तास गेला.

भाचीचं एवढं करूनही अडलं होतं बरं का. एमएसइन्फो32 मधली ती हायपरव्हायझरची ओळ गेली तरी सॉफ्टवेअर ऐकेना. शेवटी नेटवर्क कनेक्शन्समध्ये बघितलं तर व्हीएमवेअरचे दोन व्हीएमनेट अ‍ॅडॉप्टर पडलेले, कधीतरी टाकलेल्या व्हीएमवेअरचे, त्यांचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कमधला ओळख-क्रमांक) 00:50:56 ने सुरू होतो, ही व्हीएमवेअरचीच खूण. ते डिसेबल केले आणि परीक्षा उघडली. तुझ्याकडे व्हीएमनेट किंवा व्हर्च्युअलबॉक्स नावाचं काही दिसलं तर तेही डिसेबल कर.

यूट्यूबवर व्हर्च्युअल मशीन लपवायच्या युक्त्या सांगणारे सापडतील, तिकडे वळू नका. आपल्याला काही लपवायचं नाहीये, जे खरं आहे ते त्या सॉफ्टवेअरला दिसू द्यायचंय. हेल्पडेस्कला मी स्क्रीनशॉटसकट सगळं लिहून पाठवलं होतं, उत्तर आलं "दुसरा लॅपटॉप वापरा". अरे, कर्ज काढून एक लॅपटॉप घेतलेल्या घरात दुसरा आणायचा कुठून? तरी तूही लिहीच, आजच लिही, दहा जणांनी लिहिलं तर कुणीतरी तो दुसरा प्रश्न त्यात घालेल.

वहिनींना नमस्कार, पोराला म्हणावं काका आहे, घाबरू नको. एमएसइन्फो32 मधल्या त्या शेवटच्या ओळीचा फोटो मंगळवारपर्यंत पाठव.

तुझाच

ता.क. कशालाही हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघ, असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव, रीस्टार्टनंतर मागितली तर हाताशी हवी. आणि परीक्षा झाली की शनिवारी रात्रीच हायपरव्हायझरलाँचटाइप परत ऑटो, मेमरी इंटिग्रिटी परत चालू, ती सुरक्षेसाठीच आहे. तोवर त्याचं डॉकर चालणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेव.